समुद्राच्या बाजूने रत्नागिरी

मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत मी भूगोल शिकवते. वर्गात दरवर्षी रत्नागिरी, चिपळूण, खेडकडची मुलं असतात. त्यांचे वडील, काहींचे आजोबासुद्धा नोकरीसाठी आखातात आले आणि मुलं तिथेच वाढली. बंदरांचा धडा आला की ही मुलं वहीत क्रेन काढतात, कंटेनर काढतात. त्यांनी पाहिलेलं बंदर तसंच असतं. पण ज्या गावचे म्हणून ती स्वतःची ओळख सांगतात, ते गावही बंदरच आहे, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. मी मूळची कोल्हापूरची. आंबा घाट उतरला की रत्नागिरी, इतकं जवळ. तरी माझ्याही लेखी ते गणपतीपुळ्याला जाताना लागणारं गाव होतं. म्हणून यंदा डिसेंबरच्या सुट्टीत ठरवलं, की रत्नागिरीत एक मुक्काम करायचा आणि ती बंदर म्हणून पाहायची.

सोबतीला मावशी आली. तिचं आणि आईचं आजोळ रत्नागिरीचं. आईचे गुडघे आता घाटातली एसटी सोसत नाहीत. मावशी सत्तरी ओलांडूनही कुठेही निघायला एका पायावर तयार. मी फोनवर लॉज शोधत होते, तर ती म्हणाली, "आधी कालनिर्णय काढ. तिथी कुठली पडते ते बघ."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब तिला आजोळी मिळालेला. आम्ही निघणार होतो ती पौष शुद्ध चतुर्थी. चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, आणि ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. पौर्णिमा उलटली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भूगोलाच्या भाषेत सांगायचं तर चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊण तासाचं गणित त्याच्या अगदी जवळ जातं. बंदरागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण फिरण्याचा बेत आखायला एवढं पुरतं. बंदराच्या गावी जाताना ही वेळ आधी काढावी असं मी आता सगळ्यांना सांगते. होड्या कधी आत येणार, वाळू कधी उघडी पडणार, हे सगळं तिच्यावर असतं.

पहाटेची एसटी. मलकापूर, आंबा, साखरपा. रुंदीकरणामुळे रस्ता बऱ्याच ठिकाणी उखडलेला होता. हाच तो मिऱ्या-नागपूर महामार्ग. नागपूरहून निघालेला रस्ता रत्नागिरीच्या मिऱ्या बंदराशी येऊन संपतो, हे त्या नावातच आहे, पण गाडीतल्या किती जणांच्या ते ध्यानात येत असेल कोण जाणे. घाट उतरल्यावर माती तांबडी झाली, जांभ्याच्या चिऱ्यांचे गडगे सुरू झाले आणि हातखंब्याच्या पुढे कलमांना धरलेला मोहोर दिसायला लागला.

उतरल्यावर पहिलं काम बंदर पाहण्याचं नव्हतं. आखातातून कुणी गावी निघालं की त्याच्या बॅगेत दुसऱ्या कुणाचं तरी पार्सल असतंच. माझ्या वर्गातल्या एका मुलीने आजीसाठी खजूर दिला होता. आजी राजिवड्याला राहतात, भाट्याच्या खाडीकाठी. स्टँडवर रिक्षा केली तर रिक्षावाल्या दादांनी वाटेतच यादी ऐकवली, "मॅडम, किल्ला, थिबा पॅलेस, मत्स्यालय, टिळकांचं घर, भाट्ये बीच. सगळे पॉइंट अर्ध्या दिवसात करून देतो." माणूस भला होता, दरही वाजवी सांगत होता. पण तीच यादी मी घरूनही वाचून आले होते, आणि तिच्यात मिरकरवाडा हे मासळीचं बंदर कुठेच नव्हतं. रत्नागिरी ज्याच्यावर जगते तो धक्का यादीत नाही, आणि यादीतल्या बाकीच्या गोष्टी इथे का आहेत त्याचं उत्तर तर त्या धक्क्यापाशीच आहे. हे मी तिथे जाण्याआधी नुसतं मनाशी धरलं होतं. येताना खात्री झाली.

राजिवड्याच्या आजींनी दारातच विचारलं, "टीचर ना? या, या. नातीनं फोटो दाखवलान तुमचा." खजूर हातात घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि एक खजूर काढून मावशीच्या हातावर ठेवला. त्यांचे यजमान जहाजावर खलाशी होते, त्यांचे वडीलही. कोकणातल्या मुसलमान घरांत ही जहाजाची नोकरी पिढ्यान्‌पिढ्यांची. आखाताची वाट त्यांना तेलामुळे सापडलेली नाही. हिवाळ्यात इथून ईशान्येचा वारा सुटतो तो गलबतांना अरबस्तानाकडे घेऊन जातो. पावसाळ्याच्या तोंडावर वारा फिरतो आणि त्यांना परत आणतो. इमारती लाकूड इकडून जायचं, खजूर तिकडून यायचा. मी तो विमानाने आणला एवढाच फरक. आजींनी घावन आणि नारळाचं दूध समोर ठेवलं आणि मिरकरवाड्याला कधी जायचं तेही त्यांनीच सांगितलं, "आता नको, उन्हात काय नाय तिथं. असरची अजान झाली का जा." दुपार उलटल्यावरची ती अजान मावशीच्या तिथीने काढलेल्या वेळेशी जुळली.

मिरकरवाडा मात्र मी सावकाश सांगणार आहे.

किल्ल्याच्या डोंगराने वायव्येकडून आडोसा दिलेला आहे, आणि समोरून येणाऱ्या लाटा अडवायला समुद्रात लाटरोधक भिंत घातलेली आहे. त्या दोन्हींच्या मध्ये होड्या एकमेकींना टेकून उभ्या असतात, इतक्या की पाणी दिसत नाही. प्रत्येकीवर निरनिराळ्या रंगांची निशाणं. तोंडाशी गाळ साचतो, म्हणून मोठ्या नौका भरती धरून आत येतात, आणि आम्ही पोचलो तेव्हा त्यांची रांग लागलेली होती. धक्क्यावर बर्फाचा चुरा, डिझेल आणि ताजी मासळी यांचा मिळून एक वास. ज्यांना तो सोसत नाही त्यांनी नाकाला रुमाल लावावा, पण जावं.

एक पर्ससीनवाली नौका आमच्यासमोर लागली. जाळ्याचा ढीगच माणसाच्या उंचीचा. मुलांना समजावून सांगायचं म्हणून मी त्या जाळ्याची रीत एका वयस्क तांडेलांना, म्हणजे नौकेच्या म्होरक्यांना, विचारली. आधी त्यांनी मला नीट पाहून घेतलं, मग म्हणाले, "ताई, बटवा बघितलाय ना? त्येच." मासळीचा थवा दिसला की नौका त्याच्याभोवती गोल फिरते आणि जाळं पडद्यासारखं पाण्यात सोडत जाते. वरच्या काठाला तरंगणारे बुचांचे मणी, खालच्या काठाला शिसं आणि पितळेच्या कड्या. त्या कड्यांतून एक दोर ओवलेला असतो. फेरी पुरी झाली की तो दोर यंत्राने खेचतात आणि जाळ्याचा तळ आवळला जातो. त्यांनी एक कडी माझ्या हातात दिली. हाताच्या पंजाएवढी, अपेक्षेपेक्षा जड, आणि जिथून दोर सरकतो तिथे घासून आरशासारखी लख्ख झालेली. बाकीचा भाग काळपट. तो लख्ख पट्टा पाहिल्यावर किती वेळा तो दोर त्यातून खेचला गेला असेल, हे वेगळं सांगावं लागत नाही.

अशा एका नौकेवर पंचवीस-तीस माणसं लागतात. त्यातली बरीच नेपाळची. हिमालयातून आलेली ही मुलं समुद्रावर काम करतात आणि मालकाशी मराठीत बोलतात. एक जण पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरून प्लास्टिकच्या सुईने फाटलेला भाग विणत होता. मावशीने विचारलं, "शिकलास कुठे रे?" तर म्हणाला, "इथंच शिकलो आजी, पहिलं पोहायलापण येत नव्हतं."

सगळ्यांचीच घाई दिसत होती आणि तिला कारण होतं. राज्याच्या हद्दीतल्या समुद्रात पर्ससीनला परवानगी असते ती १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच. २०१६ च्या सरकारी आदेशापासून हे असं आहे. वर्ष संपत आलेलं. बांगडा आणि तारली या थव्याने फिरणाऱ्या मासळीवर हे जाळं चालतं आणि एका ओढीत टनांनी मासळी येऊ शकते. लहान होडीवाले, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले म्हणतात की आमच्या वाट्याला मग काय राहतं? तांडेलांनी हा वाद टाळला नाही. "त्यांचा पण बरोबर हाय," म्हणाले, "पण हे कर्ज फेडायचा कसा?" या वादात मला लहान होडीवाल्यांची बाजू जास्त पटते. मासळी विणीला जाते तो काळ आणि तिची पिल्लं सोडून देणं याला पर्याय नाही. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते ती त्याचसाठी, आणि तेव्हा समुद्रही खवळलेला असतो. ओमानातही सुरमईला १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर बंदी असते. मस्कतच्या मत्राह बाजारात त्या दिवसांत ती मिळत नाही आणि कुणी कुरकुर करत नाही. मुलांना दोन्हीकडची ही तारखांची जोडी एकत्र दाखवली तर समुद्र दोन्ही काठांवर सारखाच वागवावा लागतो, हे पटकन कळेल असं मला वाटतं.

मग लिलाव. कुणी घंटा वाजवत नाही, फलक लावत नाही. क्रेट जमिनीवर आदळले की त्याच्याभोवती गोल धरून बायका-पुरुष उभे राहतात आणि एक जण आकडे बोलायला लागतो, इतक्या वेगाने की मला पहिले दोन-तीन सौदे कळलेच नाहीत. बोली लावणारे फारसं बोलत नाहीत. मान हलते, बोट हलतं, संपलं. निळ्या लुगड्यातली एक बाई खाली वाकायची, एका बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उचलून आतला लाल रंग बघायची, सरळ व्हायची आणि मगच बोली लावायची. प्रत्येक क्रेटला हेच. कल्ला फिका दिसला की ती पुढे सरकायची, आणि तिच्यामागे आणखी दोघी सरकायच्या. बाजूला सुरमई आणि पापलेट वेगळे मांडलेले. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, आणि तो दर्जा द्यावा लागला तो तो कमी होत चालल्यामुळे. आमच्यासमोर लागलेल्या मोठ्या ढिगांत तो मूठभरच होता.

अंधार पडला तसे बर्फ भरलेले ट्रक निघायला लागले. रात्री खानावळीत तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं खाल्लं. त्याबद्दल इतकंच, की मावशी बराच वेळ बोलली नाही आणि दुसरी भाकरी मागवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच किल्ला. रत्नदुर्ग बहामनी काळातला. शिवाजी महाराजांनी तो १६७० च्या सुमारास घेतला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराकडे होता. घोड्याच्या नालेच्या आकाराचं त्याचं डोंगर-शेपूट समुद्रात शिरलेलं आहे आणि तीन बाजूंना पाणी. भगवतीचं दर्शन घेऊन आम्ही तटाच्या दक्षिण कडेला गेलो. मला मुलांसाठी हाच फोटो हवा होता. वरून पाहिलं की बंदर इथे का, हे सांगायला शब्द लागत नाहीत. डोंगर वारा अडवतो, त्याच्या कुशीत पाणी शांत, आणि वर तटावर उभ्या माणसाला कोसभरावरचं शीड दिसतं. बंदर आणि किल्ला एकमेकांसाठीच आहेत. मस्कतलाही बंदराच्या दोन बाजूंना खडकावर जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले उभे आहेत, पोर्तुगिजांनी १५८० च्या दशकात बांधलेले. उत्तरेला मिऱ्याचा किनारा दिसत होता. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार नावाचं जहाज भरकटून त्याच किनाऱ्याच्या बंधाऱ्यावर आदळलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच रुतून राहिलं. डोंगराच्या या बाजूला आडोसा, त्या बाजूला उघडा समुद्र. दोन्हीकडे एकेकदा पाहिलं की पुरे.

तिथेच मावशीने बोटीचं सांगितलं. तिचं लहानपण गिरगावातलं. मे महिन्यात आजोळी यायचं ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही बोटींची नावं तिच्या तोंडी अजून नातेवाइकांसारखी येतात. डेकवर चादर पसरून जागा धरायची, भूक लागली की दशम्या आणि लोणचं. बोट किनाऱ्याला लागत नसे, पाणी उथळ. ती बाहेर नांगर टाकायची आणि वल्ह्यांचे पडाव, म्हणजे लहान होड्या, तिच्या पोटाशी येऊन उभे राहायचे. "लाटेने पडाव वर आला की खलाशी ओरडायचा, टाक पाय! आणि तेवढ्या क्षणातच पाय टाकायचा. आई मला आधी द्यायची, मग पेटी, मग स्वतः." हे सांगताना तिने तटावर उभं राहून उजवा पाय खरोखर पुढे टाकला. पावसाळ्याआधी बोटी बंद व्हायच्या त्या नारळी पौर्णिमा उलटल्यावरच सुरू व्हायच्या. म्हणजे जूनच्या आत जे माणूस मुंबईला पोचलं नाही ते घाटाच्या रस्त्याने वळसा घालणार, नाही तर नारळी पौर्णिमा होईपर्यंत इथेच. कोकण रेल्वे पूर्ण होऊन १९९८ मध्ये सुरू झाली. तोवर बोटींची ये-जा थांबून काही वर्षं झाली होती.

ओहोटीला मांडवीची वाळू मोकळी झाली होती. किल्ल्याच्या उत्तरेला वाळू पांढुरकी, म्हणून तो पांढरा समुद्र. मांडवीकडे काळी, म्हणून काळा समुद्र. मी मस्कतहूनच एक लोहचुंबक आणला होता. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओल्या-कोरड्या वाळूवरून फिरवला तर पिशवीला काळ्या कणांची दाढी आली. मावशीच्या मागे उभी दोन शाळकरी मुलं आपणहून बसली आणि मग चुंबक मला परत मिळेना. तो कण मॅग्नेटाइटचा. त्याच्या जोडीला इल्मेनाइट असतं, लोह आणि टायटॅनियमचं खनिज, ज्यासाठी रत्नागिरीची वाळू खनिजवाल्यांना माहीत आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजतो, नद्या तो चुरा खाली आणतात, आणि लाटा हलकं उचलून नेतात, जड मागे ठेवतात. घाटातून आम्ही ज्या खडकामधून उतरलो तोच इथे पायाखाली चमकत होता. दोन्ही समुद्रांची थोडी थोडी वाळू बाटल्यांत भरून घेतली.

मग थिबा राजवाडा. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं पाहून यावं.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि त्याला राणीसकट आधी मद्रासला, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. तीसेक वर्षं तो इथे राहिला. सुरुवातीला भाड्याच्या बंगल्यांत, आणि १९१० मध्ये हा वाडा पुरा झाल्यावर इथे. तीन मजले, तांबडा जांभा आणि वीट, सागवानी कोरीव काम, अर्धवर्तुळाकार खिडक्या. यादीतला ‘पॉइंट’ म्हणून पाहिला तर अर्ध्या तासात होतो.

पण आदल्या संध्याकाळचा धक्का आणि मावशीचा पडाव डोक्यात ठेवून त्या सज्ज्यात उभं राहिलं, की वेगळाच प्रश्न पडतो. सगळा हिंदुस्थान हाताशी असताना इंग्रजांनी राजाला नेमकं इथे का ठेवलं? १८८६ मध्ये कोल्हापूरलासुद्धा आगगाडी नव्हती. ती आली १८९१ मध्ये. रत्नागिरीला येण्याचा मोठा रस्ता समुद्राचा, आणि तोही पावसाळ्यात बंद. म्हणजे कोण आलं, कोण गेलं हे बंदरावर बसून एकाच जागी मोजता येतं. राजाला सोडवायला येणारा माणूस पडावातूनच उतरणार. ज्या समुद्राने हे गाव जगाशी जोडलं होतं त्याच समुद्राचा इंग्रजांनी कुंपणासारखा उपयोग केला. पुढे सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच राहण्याची अट घातली, त्यामागेही हाच हिशेब असावा असं मला वाटतं. त्या काळातलं पतितपावन मंदिर, भागोजीशेठ कीर यांनी १९३१ मध्ये बांधून सर्व जातींना खुलं केलेलं, आम्ही जाता जाता पाहिलं.

थिबा दुर्बिणीतून येणारी-जाणारी जहाजं पाहत असे, असं सांगतात. सज्ज्यातून आजही भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. खरं पाहता त्याचा देश त्या दिशेला नव्हताच, पाठीमागे पूर्वेला होता. तरी घरी जायची वाट मात्र समोरच्या पाण्यातूनच होती. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. कुटुंब १९१९ मध्ये परत गेलं. थोरली राजकन्या मात्र मुलीला घेऊन रत्नागिरीला परतली. त्या मुलीचे वडील राजवाड्यावरचे पहारेकरी, इथलेच. राजकन्या १९४७ मध्ये रत्नागिरीतच गेली. तिची मुलगी टूटू इथेच मोठी झाली, इथेच संसार केला, रत्नागिरीचीच झाली.

शिवाजीनगरला थिबाची समाधी आहे. शेजारी त्याची धाकटी राणी. आजूबाजूला वस्ती, दोरीवर कपडे वाळत होते. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला पुरलेला आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा रत्नागिरीत, ही अदलाबदल पुष्कळांना ठाऊक असते. मला जास्त लागली ती दुसरी, आणि तिच्यासाठी टिळक आळीत जावं लागतं. २३ जुलै १८५६ ला लोकमान्य टिळक त्या घरात जन्मले. कौलारू, दोन मजली, शेणाने सारवलेलं अंगण असावं असं वाटायला लावणारं घर. १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि सहा वर्षं ठेवलं कुठे, तर मंडालेला. थिबाच्या राजधानीत. १९०८ ते १९१४ मंडालेचा राजा रत्नागिरीत होता आणि रत्नागिरीचा हा माणूस मंडालेत. त्या घराच्या ओट्यावर बसून मी मावशीला तारखा जुळवून सांगितल्या, तेव्हा ती म्हणाली, "अगं, मग दोघांनाही त्याच पाण्यातून नेलं की." मी वर्गात वर्षानुवर्षं जलवाहतूक शिकवते, माल, प्रवासी, मासळी असे तिचे भाग पाडते. कैदी हा भाग मी कधी घातला नव्हता. आता घालणार आहे.

कातळशिल्पं राहिली. उक्षी, चवे, देवूड अशी गावं जवळच आहेत, पण सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, ऊन चढायच्या आत पोचावं लागतं आणि आम्हाला संध्याकाळची एसटी धरायची होती. मत्स्यालयही सोडलं, त्याची फारशी हळहळ वाटली नाही. ज्यांना जायचंय त्यांनी सप्टेंबर ते डिसेंबर धरावा, मुक्काम एक तरी करावा, आणि पहिली संध्याकाळ मिरकरवाड्यालाच द्यावी. किल्ला, वाडा, वाळू मग आपापल्या जागी बसत जातात. लिलावाच्या वेळी फोटो काढताना आधी विचारावं. ती माणसं कामात असतात, आणि विचारलं की बहुतेक हो म्हणतात.

एसटीत बसल्यावर मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मावशीला बोटीचं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. नाणीज गेलं, साखरपा गेलं, घाट लागला तरी ती बोलत होती. कुठल्या बंदरात पडाव मोठे, कुठे लहान, कुठल्या खलाशाच्या हातात माणूस निर्धास्त, बोट लागल्यावर लिंबू कुणाकडे असायचं. मांडवीच्या धक्क्यावर या बोटींविषयी एकही फलक मला दिसला नाही. ज्यांनी तो प्रवास केला त्यांतली बरीच माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत, आणि हे त्यांच्याशिवाय फारसं कुणाला माहीत नाही. ज्यांच्या घरात असं कुणी असेल त्यांनी याच महिन्यात त्यांच्यासमोर फोन ठेवावा. माझ्या वर्गातल्या कोकणच्या मुलांना मी हेच काम देणार आहे, आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल लावून. विचारायचं एवढंच: कुठल्या बंदरातून चढलात, पडावात कसे उतरलात, आणि बरोबर काय काय नेलं होतंत.